महिंद्रा पेट्रोल पिकअपला डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल) इंजिन : कामाच्या नोंदी

२ जून २०२४

द्राक्षांची एप्रिलची खरड छाटणी उरकली. आता ऑक्टोबर छाटणीपर्यंत बागेत गाडीचं फारसं काम नाही, फवारणीला ट्रॅक्टर आहे. चार महिने हातात आहेत. आबांना म्हटलं, यंदा दसऱ्याला गाडी पुजायची ती चालू करूनच. आबा म्हणाले, "मागच्या दसऱ्यालाबी हेच म्हणला होतास."

गाडी १९७१ ची. लांब चॅसिसची महिंद्रा, मागे पत्र्याचा हौदा, पुढे तोच जीपचा चेहरा. आत विलीजच्या घराण्यातलं हरिकेन पेट्रोल इंजिन, २१९९ सीसी, एफ-हेड. म्हणजे इनटेकचे व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे ब्लॉकमध्ये. तीन गिअर. आजोबांनी द्राक्षं लावली तेव्हापासून शेणखत, क्रेट, पाण्याच्या टाक्या सगळं हिनेच ओढलं. तीन नंबरच्या सिलिंडरला आता कॉम्प्रेशन नाही. बोअर आधीच दोनदा वाढवून झालाय आणि दोन-तीनच्या मधल्या भिंतीला तडा आहे. लायनर घालून निभावेल असं एक जण म्हणाला, पण तडा बघून त्यानेच हात वर केले. म्हणून आता डिझेलचं इंजिनच घालायचं.

कागदाचं आधीच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातला कंपनीचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. पेट्रोलची डिझेल ही त्यातच येते. आमच्या गाडीची नोंदणी केव्हाच संपलीय आणि ती रानाच्या बांधाबाहेर जाणार नाही. ज्यांना रस्त्यावर काढायचीय त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी आरटीओत विचारावं, माझ्या नोंदी बघून उडी मारू नये.

९ जून

कोल्हापूरला जाऊन आलो. भंगारात दोन पर्याय दिसले.

एक, अख्खा सेट. बोलेरो पिकअपचं डीआय इंजिन, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घंटेसारखं केसिंग), क्लच, गिअरबॉक्स, ट्रान्सफर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा बॉक्स), रेडिएटर, क्लचचे सिलिंडर, सगळं एकाच गाडीतून उतरवलेलं. ७४,००० रुपये, एक पैसा कमी नाही.

दोन, नुसतं डीआय इंजिन, अल्टरनेटर आणि सेल्फसकट, ४२,००० ला. आणि शेजारच्याच दुकानात प्यूजो इंजिनच्या एमएम ५४० वरून काढलेला चार गिअरचा केएमटी-९० बॉक्स, ट्रान्सफरसकट, ११,५०० ला.

मी दुसरा घेतला. साडेवीस हजार वाचवले म्हणून येताना तांबडा-पांढरा खाल्ला. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डीआयच का? २५२३ सीसी, ओढ खालूनच मिळते, हीटर प्लगची भानगड नाही आणि पार्ट तासगावात मिळतात. प्यूजो जास्त मऊ चालतं हे खरं. पण माझ्या कामाला मऊपणा नको, चिखलातनं वर यायला पाहिजे.

१६ जून

जुनं इंजिन बाहेर. चिंचेच्या फांदीला साखळी कप्पी लावली. मिस्त्रींनी फांदीला आधी स्वतः लोंबकळून बघितलं. बॉनेट, रेडिएटर, ग्रिल काढायला सकाळ गेली. इंजिन आणि तीन गिअरचा बॉक्स एकत्रच उचलला. चार तास.

चूक : सुटे केलेले सगळे बोल्ट एकाच घमेल्यात टाकले. फोटोही काढले नाहीत. दुसरी चूक त्यापेक्षा मोठी होती, पण ती तेव्हा कळलीच नाही. बेल हाउसिंगपासून चॅसिसला एक विणलेली तांब्याची पट्टी होती, गंजून काळी पडलेली. तोडली आणि भंगाराच्या ढिगात भिरकावली.

२३ जून

नवं (म्हणजे जुनंच) इंजिन घोडीवर घेऊन संप (तळाचं ऑइलचं भांडं) खोलला. तळाच्या गाळात बोट फिरवलं तर बोटावर चांदीसारखी चमक. बिग एंडचे शेल (कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकातली बेअरिंग) झिजून तांब्यावर आले होते. क्रँक मायक्रोमीटरने मोजून घेतला, जर्नल ठीक निघाले, ग्राइंडिंग वाचलं. शेल, पॅकिंग किट, पुढचं-मागचं ऑइल सील, नोझल तपासणी मिळून ९,४००.

इथे एक सांगतो. भंगारवाल्याने इंजिन चालू करून दाखवलं, आवाज गोड होता, आणि मी भुललो होतो. संप खोलल्याशिवाय इंजिन चॅसिसवर चढवू नका. चढल्यावर ह्याच कामाला चौपट वेळ लागतो.

३० जून

गिअरबॉक्स इंजिनला लावायला गेलो आणि लागेना. प्यूजोच्या बेल हाउसिंगची भोकं डीआयच्या ब्लॉकवर कुठेच जुळत नाहीत. ह्यात नवल काहीच नाही, दोन वेगळ्या घराण्यांची इंजिनं. मला वाटलं होतं महिंद्राचं ते महिंद्राचं.

डीआयचं बेल हाउसिंग शोधायला परत कोल्हापूर. ६,५०० रुपये. दुकानदाराने मला ओळखलं आणि चहा पाजला, म्हणजे भाव कमी होणार नाही हे समजलं.

७ जुलै

बेल हाउसिंग आलं तर क्लच प्लेटचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसेनात. नवी प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, ५,८००. शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या बुशमध्ये खुळखुळ वाजत होतं. उद्यमनगरात लेथवर गनमेटलचा बुश करून घेतला. बुश टोकावर अंगठ्याने दाबून बसला, तेव्हा कुठे जीवाला बरं वाटलं.

आणि आटे. डीआय हे जुन्या इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन, त्यामुळे सगळा इंचाचा कारभार. बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६, म्हणजे सरळ साडेतीन इंच आणि चार इंच. प्यूजोकडून आलेला माल एमएमचा. मी घमेल्यातला तीन सुती (म्हणजे तीन अष्टमांश इंची) बोल्ट दहा एमएमच्या भोकात घातला. तो आत जातो, दोन-तीन फेरे छान फिरतो, जरा ढिला वाटतो एवढंच. आवळायला गेलं की आटे घेऊन बाहेर येतो. केसिंगमधली दोन भोकं अशी घालवली. मोठा टॅप मारून दुरुस्त केली, पण तो अर्धा दिवस फुकट. आता दोन वेगळी घमेली आहेत, एकावर खडूने "सूत" आणि दुसऱ्यावर "एमएम".

१४ जुलै

फाउंडेशन, म्हणजे इंजिन चॅसिसवर रबरासकट बसतं ते ब्रॅकेट. जुन्या गाडीची पुढची दोन फाउंडेशन उपयोगाची नव्हती, आठ एमएम प्लेटची नवी केली. पहिल्या दिवशी मापं घेतली, दुसऱ्या दिवशी वेल्डिंग, तिसऱ्या दिवशी इंजिन खाली सोडलं आणि फॅन रेडिएटरला टेकला. मापं घेताना फॅन बसवलेलाच नव्हता. ब्रॅकेट कापून इंजिन दीड इंच मागे घेतलं. मागे घेतल्यावर केबिनचा पत्रा आड आला, तो हातोड्याने आत घेतला. माझ्या गुडघ्याला आता तिथे एक टेंगूळ लागतं.

रबर आधी ट्रकचं घेतलं होतं, टिकाऊ म्हणून. कडक निघालं. ते पुढे बदलावं लागलं, त्याचं नंतर.

२८ जुलै

पहिला स्टार्ट. हा दिवस जरा सविस्तर लिहितो, कारण गाडी जळता जळता राहिली.

डिझेल भरलं, फीड पंपाच्या हातदांड्याने फिल्टरमधली हवा काढली, मग नोझलचे नट ढिले करून. बॅटरी नवी, मोठी, ७,९००. आबा ड्रायव्हर सीटवर बसले. डाव्या हातात स्टॉपच्या केबलची मूठ, गाडी भडकली तर ओढायला. मी सेल्फला चावी दिली.

टक् झालं. इंजिन अर्धा फेरा आळसावल्यासारखं फिरलं आणि थांबलं. परत दिली, तेच. तिसऱ्यांदा दाबून धरली. डॅशबोर्डखालून निळसर धूर आला आणि प्लास्टिक जळल्याचा वास. आबा ओरडले, मूठ सोडली. स्टॉपच्या केबलचं वरचं आवरण वितळून थेंब थेंब माझ्या चपलेवर पडत होतं आणि आतली तार चुलीतल्या उलथन्यासारखी लाल झाली होती.

मिस्त्रींनी आधी बॅटरीची वायर उपसली, मग विचारलं, "मालक, अर्थिंगची पट्टी कुठाय?"

बॅटरीची निगेटिव्ह चॅसिसला. इंजिन सगळं रबरावर. चॅसिस आणि इंजिन यांच्यात धातूची गाठ कुठेच नाही, कारण ती गाठ मारणारी तांब्याची पट्टी मी १६ जूनला भंगारात टाकली होती. सेल्फला शेकडो अँपिअर लागतात. त्या करंटला परत यायला एकच वाट सापडली, स्टॉपची केबल. बारा व्होल्टने माणसाला झटका बसत नाही म्हणून आपण त्याला किरकोळ समजतो, पण गाडी पेटवायला ते भरपूर आहे.

नवी जाड पट्टी, बेल हाउसिंगच्या बोल्टपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि दुसरी चॅसिसला. रंग खरवडून, स्टारवॉशर घालून. १८० रुपये.

मग इंजिन एका चावीला लागलं. सगळे हसलो. बंद करायला मूठ ओढली तर तार आवरणाला चिकटलेली, हलेना! आईने देवघरापुढचा पाट दिला, तो एअर इनटेकवर दाबून धरला तेव्हा इंजिन गुदमरून थांबलं. डिझेल आहे, चावी काढली म्हणून थांबत नाही. पहिल्या स्टार्टला हाताशी फळी ठेवा. आणि ती आईला आधी विचारून घ्या.

४ ऑगस्ट

क्लच. जुनी जोडणी केबलची होती, नव्या बेल हाउसिंगचा काटा दुसऱ्या बाजूला निघाला. तेलाचे दोन सिलिंडर घेतले, ३,६००. पेडल दाबलं की गिअर किरकिरत पडायचा. खालचा सिलिंडर मोठ्या बोअरचा घेतला होता, त्यामुळे ताकद भरपूर आणि सरक कमी, काटा पुरता ढकललाच जाईना. दुकानदाराने लहान बोअरचा बदलून दिला. हे पाच मिनिटांत कागदावर कळण्यासारखं होतं. मला चार दिवस लागले.

अल्टरनेटर चार्ज करत नव्हता. जुन्या डायनॅमोच्या वायरिंगमध्ये मी चार्जिंगचा दिवाच जोडला नव्हता. त्या दिव्यातून जाणाऱ्या थोड्या करंटवर तो जागा होतो. बल्ब लावला, जागा झाला.

अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप आहे. आपल्या ब्रेकला बूस्टर नाही म्हणून मी त्याची ऑइलची नळी बंद करून टाकणार होतो. मिस्त्रींनी थांबवलं. बूस्टर असो नसो, तो पंप फिरतोच, आणि ऑइल नसेल तर जाम होऊन अल्टरनेटर घेऊन जातो. नळी लावली. ही एक चूक झाली नाही म्हणून लिहून ठेवतो.

९ ऑगस्ट, नागपंचमी

मागचा प्रोपेलर शाफ्ट कापायचा होता. नवा बॉक्स लांब आहे, सव्वाचार इंच शाफ्ट जास्त होतो. आज चिरायचं-कापायचं नाही म्हणून आईने ग्राइंडरला हात लावू दिला नाही. उकडीची दिंडं खाऊन झोपलो. ह्या कामातला सगळ्यात शहाणपणाचा दिवस.

१३ ऑगस्ट

शाफ्ट लेथवर कापून, वेल्ड करून आणला. बांधाबांधाने पहिली फेरी. पंचविसाच्या पुढे हौदा थरथरायला लागला, तिसाला मागची खिडकी वाजायला लागली. बॅलन्सिंग नसेल म्हणून परत लेथवर, पुन्हा तेच. दोन हेलपाट्यांनंतर मिस्त्रींनी शाफ्ट जमिनीवर आडवा ठेवला आणि नुसतं बघितलं. दोन टोकांचे फोर्क, म्हणजे सांध्यातला क्रॉस धरणारे काटे, एका रेषेत नव्हते. स्प्लाइनमध्ये परत घालताना मीच दोन दाते चुकवले होते. क्रॉस फिरताना वेग कमी-जास्त करतो आणि दुसरा क्रॉस तो भरून काढतो, पण दोन्ही फोर्क सरळ असतील तरच. उपसून नीट घातला, थरथर गेली. आता दोन्ही भागांवर छिन्नीने बाण मारलेत. लेथवाल्याला मी उगाच बोललो होतो, त्याला जाऊन सांगून आलो.

२५ ऑगस्ट

गाडी दहा मिनिटं छान चालते, मग खोकते आणि बंद पडते. हवा काढली की परत दहा मिनिटं. हे १६ तारखेपासून चाललंय. आजपर्यंत बदललेलं : डिझेल फिल्टर, सगळे तांब्याचे वॉशर, फीड पंपाचे व्हॉल्व्ह, टाकीपासूनची रबरी नळी. टाकीचं झाकण उघडं ठेवून बघितलं. काही फरक नाही.

आज फिल्टरच्या आधी पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडला. इंजिन चालू केलं आणि टॉर्च लावून बसलो. सात मिनिटं स्वच्छ डिझेल. मग एक बुडबुडा, मुगाएवढा. मग दोन. मग त्यांची रांगच लागली. म्हणजे हवा फिल्टरच्या मागून, टाकीकडून येतेय.

मुलगा आठवीत आहे. तो म्हणाला, "पप्पा, काल टाकी फुल होती तेव्हा दिवसभर कुठं बंद पडली?"

खरंच पडली नव्हती. टाकी सीटखालची, तीच जुनी पेट्रोलची. आतली उचलणारी नळी बाहेर काढली. पितळेची, वरच्या झाळणीपासून चार बोटं खाली केसाएवढा तडा. टाकी भरलेली असली की तडा डिझेलात बुडतो, हवा येत नाही. अर्ध्याखाली गेली की तडा उघडा आणि पंप डिझेलबरोबर हवाही पितो. पेट्रोलला हे कधी कळलंच नाही, कारण पंप कार्बोरेटरच्या वाटीत ओततो आणि बुडबुडे तिथेच उडून जातात. डिझेल पंपाला एक बुडबुडा चालत नाही. किती वर्षांपासून तो तडा आहे देव जाणे.

नवी नळी झाळली, शेजारीच रिटर्नची दुसरी. झाळण्याआधी टाकी तीनदा साबणाच्या पाण्याने धुतली आणि झाळकामापुरती जागा सोडून काठोकाठ पाण्याने भरली. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची असते, आत वाफ कोंडलेली राहते. नऊ दिवस गेले, खर्च तीन हजाराच्या घरात. त्यातले अडीच हजार न बिघडलेल्या गोष्टी बदलण्यात.

१ सप्टेंबर

तिसऱ्या गिअरला बॉक्स घुमतो. चौथ्याला चढावर गिअर आपोआप बाहेर येतो. मी म्हणत होतो जुना बॉक्स आहे, असेल.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. आज बॉक्स खाली उतरवला. पुढच्या बेअरिंगचा पिंजरा फुटलेला. पाचशे किलोमीटरही झाले नाहीत.

मिस्त्रींनी त्यांच्या भावाचा डायल गेज आणला. चुंबकाचा पाय फ्लायव्हीलवर, काट्याचं टोक बेल हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या कडेला. नोझल काढून ठेवले, म्हणजे क्रँक हाताने हलका फिरतो. एक फेरा फिरवला. काटा ६२ शतांश मिलिमीटर हलला. म्हणजे बॉक्सचं केंद्र क्रँकच्या केंद्रापासून ३१ शतांश सरकलेलं. पूर्ण फेऱ्यात काटा दहा-बारा शतांशाच्या आत पाहिजे. प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट तेवढा वाकत होता आणि बेअरिंग ते सोसत होतं.

कारण? बेल हाउसिंग ब्लॉकवर नेमकं बसवतात ते दोन डॉवेल, म्हणजे घट्ट बसणाऱ्या गोल खुंट्या. मी भंगारातून बेल हाउसिंग आणलं त्यात डॉवेल नव्हते, भोकं झिजून लांबट झालेली. मला वाटलं आठ बोल्ट आवळलेत, डॉवेल कशाला! बोल्टचं काम धरून ठेवणं. ते भोकात सैलच असतात, त्यांना जागा दाखवता येत नाही.

दुरुस्ती अशी : बोल्ट अर्धे आवळून बेल हाउसिंग लाकडी हातोड्याने ठोकत ठोकत काटा आठ शतांशावर आणला. दोन तास आणि तीन चहा. पूर्ण आवळल्यावर परत बघितलं, नऊ. मग दोन्ही डॉवेलची भोकं ब्लॉकसकट एकत्र रीमरने गोल केली, मोठ्या मापाचे डॉवेल लेथवर करून ठोकले. बॉक्सची बेअरिंग ४,३००.

बॉक्स चढवला. तिसरा गिअर आता नुसता गुणगुणतो. चौथा सुटत नाही. हा डायल गेज ७ जुलैला मागितला असता तरी त्यांच्या भावाने दिला असता.

१५ सप्टेंबर

उरलेली किरकोळ कामं एकदम.

डीआय जुन्यापेक्षा जड, नाक खाली बसलं. पुढच्या कमानीत एकेक पाटा वाढवला, १,८००. ट्रकचं कडक रबर काढून मूळ डीआयचं टाकलं. आधी उभ्या गाडीत स्टिअरिंगवर ठेवलेला हात बधिर व्हायचा, आता नुसता हुळहुळतो.

क्राऊन-पिनियन (अॅक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) जुनंच ठेवलं. आठ-त्रेचाळीस, म्हणजे ५.३८. रस्त्यावर हे इंजिन ह्या पिनियनवर दमतं. ३२०० फेरे, सहा-सोळाचं टायर, हिशेब केला तर चौथ्या गिअरला अठ्ठ्याहत्तरच्या आसपास संपतं. रस्त्याला काढणारे लोक म्हणून पिनियन बदलतात. मला रानात चाळीसही खूप झाले.

गाडी शेणखत भरून कमी वेगात चालवली की गरम होते. फॅन रेडिएटरच्या मधोमध येत नाही, तीन बोटं खाली आहे. निम्मी हवा नुसती खालून फिरते. धान्याच्या कोठ्या करणाऱ्या कारागिराकडून पत्र्याचा काउल (फॅनभोवतीचा घेर) वाकवून घेतला, ७०० रुपये. काटा मधल्या रेषेवर थांबला.

एकच गोष्ट पहिल्या झटक्यात बसली, ऑइलच्या मीटरची नळी. आजोबांच्या वेळचा मीटर, इंचाचे आटे, इंजिनही इंचाचं. काही न करता लागला.

६ ऑक्टोबर

हिशेब. वहीत होता तसा.

इंजिन ४२,०००. बॉक्स ११,५००. बेल हाउसिंग ६,५००. शेल-पॅकिंग-नोझल ९,४००. क्लच ५,८००. क्लचचे सिलिंडर ३,६००. लेथ, टॅप, प्लेट, शाफ्ट, डॉवेल सगळं मिळून ८,२००. रेडिएटर, होज आणि काउल ४,७००. बॅटरी ७,९००. डिझेलच्या नळ्या, फिल्टर, टाकी ३,१००. वायरिंग अर्थिंगसकट २,२००. बॉक्सची बेअरिंग ४,३००. पाटे १,८००. सायलेन्सर २,६००. मिस्त्री २१,०००. एकूण १,३४,६००.

आता त्या साडेवीस हजारांचं. बेल हाउसिंग, क्लच, सिलिंडर आणि बेअरिंग ह्यांचेच २०,२०० झाले. बुश, टॅप आणि डॉवेलचे वेगळे. ह्यातलं काहीच ७४,००० च्या सेटमध्ये लागलं नसतं, रेडिएटरही त्यात होता. वेळ म्हणाल तर माझ्या मोजणीने पाच आठवडे निव्वळ दोन गाड्यांची सोयरीक जुळवण्यात गेले. आबांना आकडा सांगितला नाही. त्यांनी विचारलाही नाही, वही मात्र जागची हललेली दिसली.

१२ ऑक्टोबर

दसरा. गाडी धुतली, बॉनेटला झेंडूची माळ. आबांनी स्वतः चालवत वरच्या बागेपर्यंत नेली. सवयीने तीनच गिअर टाकले, चौथा आहे हे विसरले.

२० ऑक्टोबर

छाटणी चालू आहे. चार दिवस रोज काड्या आणि शेणखत, दिवसाला पाच-सहा खेपा, एका दिवसाला साधारण नऊ लिटर डिझेल. नाल्याच्या चढावर पूर्वी पहिल्या गिअरला धापा टाकायची, आता दुसऱ्याला चढते आणि पाय अर्धाच दाबावा लागतो.

बाकी राहिलेलं : तिसऱ्या गिअरचं गुणगुणणं. केबिनच्या तळाचा पत्रा उन्हाळ्यात पाय भाजणार, त्याला आतून काहीतरी लावायचंय. उजवा आरसा उभ्या गाडीत इतका थरथरतो की मागचं काहीच दिसत नाही, आबा मान बाहेर काढूनच रिव्हर्स घेतात. आणि मागच्या ऑइल सीलमधून थेंब. संध्याकाळी खाली पुठ्ठा ठेवतो, सकाळी रुपयाएवढा डाग असतो. तो मोठा झाला तर बॉक्स परत खाली.

जुनं पेट्रोल इंजिन चिंचेखाली ताडपत्री घालून ठेवलंय. भंगारवाला २२ रुपये किलो म्हणाला. आबांनी त्याला चहाही विचारला नाही.